धुरपदा म्हशीच्या अंघोळीचे अठ्ठावीस अर्थ

एका जंगलात पाणी कमी आणि अर्थ फार झाले होते, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. मुलांनो, सरळ बसा. मांडी घाला. मध्येच प्रश्न विचारायचे नाहीत. या गोष्टीत ज्यांना प्रश्न विचारायला हवे होते त्यांनीही विचारले नाहीत.

चैत्र लागला होता. त्या जंगलात तीन डबकी होती. वरचं आटलं होतं. खालचं आटलं होतं. उरलं होतं ते मधलं.

मधल्या डबक्यात रोज दुपारी धुरपदा नावाची म्हैस अंघोळीला येई. नाकापर्यंत बुडून बसे. मुलांनो, म्हशीला घाम फारसा येत नाही. तिची कातडी काळी असते. ती उन्हात तापते, मग तडकते, मग भेगांवर गोमाश्या बसतात. त्यात धुरपदा गाभण होती. दहावा महिना चालू होता. म्हणून ती पाण्यात बसे.

या गोष्टीत खरं आहे ते एवढंच. बाकीचं विद्वानांनी सांगितलेलं आहे.

तिच्या पाठीवर कावजी नावाचा कावळा बसे. तो तिच्या अंगावरच्या गोचिड्या खाई. कावजी जंगलाचा बातमीदार होता. रोज सकाळी काटेसावरीच्या शेंड्यावर बसून तो बातम्या ओरडे. दुपारी मात्र तो जेवायला धुरपदाकडे असे.

"अक्का, जरा डावीकडे वळ," कावजी म्हणे. "मानेखाली एक टपोरी आहे."

"काढ बाबा. कालपासून जीव खातेय मेली."

एवढंच त्यांचं बोलणं. त्यात कोणालाही काही खोल आहे असं वाटलेलं नव्हतं.

डबक्याच्या काठावर एक पळस होता. पळसावर रंगनाथ सरडा बसलेला असे. रंगनाथ चित्रकार होता. त्याला रंग आणावे लागत नसत. तो जिथे बसे तिथला रंग त्याच्या अंगावर येई. मग सागाच्या वाळक्या पानावर शेपटी घासली की चित्र तयार.

त्या दिवशी पळस फुलांनी लाल झाला होता. म्हणून रंगनाथ लाल झाला होता. म्हणून चित्रही लाल झालं. पाणी लाल, म्हैस लाल, कावळासुद्धा लाल.

"काय रे हे?" कावजीने विचारलं. "मी लाल आहे?"

"तू नाहीस. पण मी होतो ना."

"मग पलीकडच्या हिरव्या फांदीवर बसायचंस."

"तिथे ऊन लागतं," रंगनाथ म्हणाला.

मुलांनो, कलेच्या इतिहासात सावलीचं फार मोठं स्थान आहे. पण ते कोणी लिहीत नाही.

रंगनाथने चित्राला 'दुपार' असं नाव दिलं आणि ते जांभळीच्या फांदीला अडकवलं. दोन दिवस कोणी बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी करकोचे सर आले.

करकोचे सर म्हणजे एक करकोचा. ते जंगलातले मोठे समीक्षक. ते पाणथळीत एका पायावर उभे राहून विचार करत. पाणथळ फाल्गुनातच आटली होती. पण विचार संपला नव्हता, म्हणून सर तिथेच उभे होते.

सरांनी चित्र बघितलं. बघतच राहिले. त्या जंगलात कोणी एखाद्या गोष्टीकडे फार वेळ बघत राहिलं की मागे गर्दी जमत असे. ससे आले. भेकरं आली. वानरं तर आलीच.

"ही दुपार नाही," सर म्हणाले. "हे 'स्नान क्रमांक चार' आहे."

"सर, पहिली तीन कुठे आहेत?" रंगनाथने घाबरत विचारलं.

"ती तुला अजून समजून घ्यायची आहेत."

मग सरांनी चोच वर केली. "आता मला सांगा, पाणी लाल का आहे?"

कोणी बोललं नाही. सरांनाही कोणी बोलायला नको होतं.

"पाणी लाल आहे, कारण ते पाणीच नाही. तो स्त्रीचा युगानुयुगं दडपलेला संताप आहे. ती त्यात अर्धी बुडाली आहे. ही समाजाने बुडवलेली अर्धी म्हैस."

"आणि वर दिसते ती?" एका सशाने विचारलं.

"ती समाजाला सोयीची अर्धी. शेपटी बघा, वर जाऊन वळली आहे. म्हणजे काय? प्रश्नचिन्ह. म्हैस प्रश्न विचारते आहे."

"आणि पाठीवरचा कावळा?"

"ती पुरुषी नजर," सर म्हणाले. "वरून खाली बघणारी. टोचणारी."

कावजी जांभळीवरच बसला होता. तो खाली उतरला.

"अहो सर, मी गोचिड्या खात होतो!"

"प्रतीकाने बोलू नये," सर म्हणाले.

"प्रतीक कोण? मी कावजी. तुमच्या लग्नाची बातमी मीच दिली होती."

"तो कावजी वेगळा. चित्रातला कावजी तुला कळायचा नाही."

"मग लग्नात जेवून गेला तो कोणता होता?"

गर्दी हसली. सरांनी पाय बदलला. सरांनी पाय बदलला की विषय संपला, असा त्या जंगलात संकेत होता.

कोणीतरी रंगनाथला विचारलं, "का रे, हे सगळं तू मनात धरून काढलंस?"

रंगनाथ तेव्हा सरांना खेटून बसला होता. त्यामुळे तो आता सरांच्या रंगाचा झाला होता.

"हो तर," तो म्हणाला. "हे माझ्या मनात होतंच."

संध्याकाळपर्यंत त्या अंघोळीचे सत्तावीस अर्थ निघाले. चिखल म्हणजे परंपरा. शेवाळ म्हणजे स्मृती. शिंगं म्हणजे शिंगं नव्हेत, ही एक गोष्ट सोडली तर शिंगांबद्दल मतभेद राहिले.

आता मी एक गोष्ट दोनदा सांगणार आहे. हे सत्तावीस अर्थ काढणाऱ्या विद्वानांपैकी एकानेही म्हशीला विचारलं नाही. एकानेही विचारलं नाही. ती तीस पावलांवर बसलेली होती.

हसू नका. तुमच्या शहरातल्या कलादालनात जाऊन बघा. नहाणाऱ्या बायकांची चित्रं असतात. शेजारी छोटं पांढरं कार्ड असतं. पाणी म्हणजे मुक्ती, तांब्या म्हणजे बंधन, ओले केस म्हणजे काळाचा प्रवाह. तांब्या म्हणजे तांब्या, असं कार्ड मी आजवर पाहिलेलं नाही. बाईचा हात पाठीला पोचत नव्हता म्हणून ती वाकली आहे, असंही कोणी लिहिलेलं नाही.

असो. कावजी गेला धुरपदाकडे. बातमीदाराचं कामच ते.

"अक्का, तू अंघोळ का करतेस?"

"उकडतं म्हणून."

"आणखी काही कारण?"

"माश्या चावतात."

"दडपलेला संताप वगैरे?"

"संताप येतो की! माश्यांचाच येतो."

"आणि शेपटी वर का केली होतीस?"

"माशी मारायला. तू काय आज उन्हात जास्त बसलास का रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कावजीने काटेसावरीवरून बातमी ओरडली. "धुरपदाबाई म्हणतात, उकडत होतं!"

जंगलात ही बातमी कोणाला आवडली नाही. वानरं म्हणाली, फार सपाट विधान आहे. भेकरं म्हणाली, कावजी आता म्हातारा झाला. करकोचे सर मात्र खूश झाले.

"आपल्या अंघोळीचा अर्थ तिला स्वतःला ठाऊक नाही," ते म्हणाले. "हाच या चित्राचा अठ्ठाविसावा अर्थ."

इथवर सगळं ठीक होतं. म्हणजे, धुरपदाची अंघोळ चालू होती. अर्थ काठावर निघत होते, पाणी डबक्यात होतं. पण मग ही बातमी साळिंदररावांच्या बिळापर्यंत गेली.

साळिंदरराव जंगलाच्या संस्कृतीचे राखणदार होते. त्यांना हे पद कोणी दिलेलं नव्हतं. पण त्यांच्या अंगावर काटे होते, त्यामुळे काढूनही कोणी घेत नव्हतं.

ते आले. चित्र बघितलं. सगळे काटे ताठ उभे राहिले.

"उघडी म्हैस!" ते ओरडले.

"अहो राव, ती कायमच उघडी असते," कावजी म्हणाला. "तुम्हीही असता."

"पण तेव्हा ती चित्रात नव्हती!"

"चित्रात नुसतं डोकं, पाठ आणि शेपूट दिसतंय."

"बाकीचं पाण्याखाली आहे!" साळिंदरराव थरथरत म्हणाले. "दिसत नसलं तरी मला ठाऊक आहे ना ते खाली आहे!"

त्यानंतर साळिंदरराव ते चित्र बघायला दिवसातून तीनदा येऊ लागले. सकाळच्या उजेडात आणि तिसऱ्या प्रहरच्या उजेडात अश्लीलता वेगवेगळी दिसते, असं त्यांचं म्हणणं होतं. पूर्ण खात्री करूनच बोलावं, या मताचे ते होते.

खात्री झाल्यावर ते वाघोबा महाराजांकडे गेले. त्यांच्या मागोमाग करकोचे सरही गेले. वाद महाराजांपुढे आला.

आता त्या जंगलातल्या निवाड्याचा एक नियम तुम्हाला सांगायला हवा. ज्याच्याबद्दल निवाडा आहे त्याने बोलायचं नाही. कारण ज्याचा संबंध असतो तो निःपक्षपाती नसतो.

हा नियम फार जुना. पूर्वी एकदा सशाला खावं की नाही, असा प्रश्न आला होता. ससा म्हणाला, खाऊ नये. तेव्हाचे महाराज म्हणाले, हा ससा उघड उघड पक्षपाती आहे. तेव्हापासून नियम झाला. सशाचं काय झालं ते विचारू नका.

टेंभुर्णीच्या झाडाखाली सभा भरली. धुरपदाही आली. ती नुकतीच पाण्यातून उठून आली होती. अंगावरून पाणी निथळत होतं.

"महाराज," ती म्हणाली, "माझं एवढंच म्हणणं आहे की..."

"थांबा," महाराज म्हणाले. "बाई, तुम्ही ओल्या आहात?"

"हो."

"म्हणजे तुमचा पाण्याशी संबंध आहे. मग तुम्हाला बोलता येणार नाही. नाराज होऊ नका, नियम सगळ्यांना सारखा आहे. करकोचे सर, बोला. तुमचा अंघोळीशी काही संबंध?"

"काहीही नाही," सर अभिमानाने म्हणाले. आणि ते खरंच होतं.

सर बोलले. म्हणाले, या डबक्यात एका महान प्रतीकाचा जन्म झाला आहे. तिथे रोज कोणी लोळू लागलं तर पाण्यातला अर्थ गढूळ होईल. डबकं जपलं पाहिजे. तिथे अंघोळ बंद झाली पाहिजे.

मग साळिंदरराव बोलले. म्हणाले, या डबक्यात उघड्यावर अंघोळ चालते. आमच्या लेकीसुना तिथून जातात. संस्कृती जपली पाहिजे. तिथे अंघोळ बंद झाली पाहिजे.

महाराजांचे डोळे भरून आले.

"आजवर माझ्यापुढे वादी एक मागायचा आणि प्रतिवादी दुसरं," ते म्हणाले. "आज दोघंही एकच मागतायत. यापेक्षा चांगलं राज्य ते कोणतं?"

डबक्याभोवती बोरीच्या काट्यांचं उंच कुंपण घालायचं ठरलं. पाणी प्यायला एक फट ठेवायची. त्या फटीतून मान आत जावी, अंग जाऊ नये. दोन्ही पक्षांनी विजय साजरा केला. एकाच झाडाखाली, एकमेकांकडे पाठ करून.

कावजी काटेसावरीवरून ओरडून ओरडून थकला. "जिची अंघोळ तिला विचारा! जिची अंघोळ तिला विचारा!" त्याचा घसा बसला. मग त्याचा आवाज कावळ्यासारखाच येऊ लागला आणि लोकांनी लक्ष देणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुरपदा डबक्यावर आली. फटीपाशी साळिंदरराव उभे होते.

"सरका की राव जरा."

"बाई, आत जाता येणार नाही. तुमची अब्रू जपायची आहे."

"अब्रूचं मी बघते. मला कातडी जपायचीय. बघा, इथे तडकलीये."

"कुठे?" साळिंदररावांनी बघितलं आणि लगेच डोळे मिटले. "बाई, असं काही दाखवत जाऊ नका!"

कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला करकोचे सर होते. ते समजावणीच्या सुरात बोलले.

"धुरपदाबाई, तुम्ही आता इतक्या मोठ्या झाला आहात, की अंघोळ करणं तुम्हाला शोभत नाही."

"मोठी झाले ती पोटात रेडकू आहे म्हणून. सर, अंगाची लाही होतेय हो."

"डोळे मिटा," सर म्हणाले. "मिटलेत? आता ओलेपणाची कल्पना करा. झाली?"

धुरपदाने डोळे मिटले. बिचारीने मनापासून प्रयत्न केला.

"काय जाणवतंय?" सरांनी विचारलं.

"गोमाशी. आता दुसरी बसली."

तुम्ही म्हणाल, म्हशीने एक धडक मारली असती तर कुंपण उडालं असतं. उडालं असतंच. पण बोरीचे काटे वाकडे असतात. ते पोटात शिरतात. आणि पोटात जीव होता. धुरपदाने एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा पोटाकडे बघितलं आणि ती मागे फिरली.

चार दिवसांनी तिचा सत्कार ठेवला.

चित्रामुळे जंगलाचं नाव झालं होतं. पलीकडच्या जंगलातून निलगायी ते बघायला येऊन गेल्या होत्या. तेव्हा चित्रातल्या म्हशीचा सत्कार व्हायला हवा, असं सगळ्यांचं मत पडलं. वेळ ठरली भर दुपारची. चित्राचं मूळ नाव 'दुपार' होतं, हे तेवढ्यापुरतं सगळ्यांना आठवलं.

नारळ नव्हता, म्हणून कवठ दिलं. शाल नव्हती, म्हणून अस्वलाच्या केसांची जाड घोंगडी विणून घेतली होती. ती घोंगडी, चैत्रातल्या भर दुपारी, महाराजांनी स्वतःच्या पंजांनी धुरपदाच्या अंगावर पांघरली. वर टाळ्या वाजवल्या.

करकोचे सर पाऊण प्रहर बोलले. साळिंदरराव म्हणाले, आज ही बाई पहिल्यांदा अंगभर झाकलेली बघतोय, फार समाधान वाटलं.

"दोन शब्द बोलायचेत," धुरपदा म्हणाली. तिच्या तोंडाला फेस आला होता.

"सत्कार तुमचाच आहे," महाराज म्हणाले. "म्हणजे तुमचा संबंध आला. बसून घ्या."

कावजी उडत तिच्या कानापाशी आला.

"अक्का, पाय लटपटतायत तुझे."

"कावजी, आज जर मला पाणी मिळालं नाही ना," ती हळूच म्हणाली, "तर पोटातलं राहत नाही बघ."

"चालशील का? टेकडीपलीकडे एक उंबर बघून ठेवलाय. हिरवागार आहे. उंबर हिरवा आहे म्हणजे खाली पाणी आहे."

"वर?"

"वर काही नाही. ओल आहे थोडी."

"ओल पुरे."

धुरपदा व्यासपीठावरून उतरली. घोंगडी खाली पडली. सर भाषणात म्हणत होते की ही म्हैस कुठे जाते आहे हे महत्त्वाचं नसून ती जाते आहे हे महत्त्वाचं आहे. त्यामुळे ती कुठे गेली हे कोणी बघितलं नाही.

उंबराखाली वीतभर ओलसर जागा होती. धुरपदाने खुराने माती उकरली. अंग टाकलं. लोळली. उठली, पुन्हा उकरलं, पुन्हा लोळली. रात्र झाली तरी लोळत होती. दुसऱ्या दिवशी ओलीचा चिखल झाला. तिसऱ्या दिवशी चिखलावर बोटभर पाणी साचलं. पाचव्या दिवशी तिचं पोट बुडालं. तेव्हा ती एवढ्या मोठ्याने फुसफुसली की कावजी उडून फांदीवर गेला.

"अक्का, बरी आहेस ना?"

"गप रे," धुरपदा डोळे मिटून म्हणाली. "अंघोळ चाललीय."

इकडे मधल्या डबक्यात भलतंच झालं.

म्हैस रोज लोळते तेव्हा तिच्या वजनाने तळाचा चिखल दाबून बसतो. घर सारवावं तसा तळ सारवला जातो. पाणी जिरत नाही. हे धुरपदाला ठाऊक होतं. तिच्या आईलाही ठाऊक होतं. पण हे कोणत्याही चित्रात काढता येत नव्हतं, म्हणून विद्वानांना ठाऊक नव्हतं. लोळणं थांबलं. तळाला भेगा पडल्या. पाणी त्यांतून खाली निघून गेलं. धुरपदा गेल्यापासून आठव्या दिवशी कुंपणाच्या आत कोरडी, तडकलेली माती उरली.

करकोचे सर कुंपणाला लागून उभे राहिले. त्यांचा स्वर भरून आला.

"आता स्नान पूर्ण झालं. म्हैस नाही, पाणी नाही. उरला तो निव्वळ अर्थ."

साळिंदरराव म्हणाले, "आता इथे कोणी उघड्यावर अंघोळ करून दाखवावी!"

दोघंही त्या दिवशी फार समाधानाने बिळात आणि पाणथळीत गेले. दुसऱ्या दिवशी दोघांनाही तहान लागली.

तिसऱ्या दिवशी सगळ्या जंगलाला तहान लागली. महाराजांनी घाईने सभा बोलावली. विषय एकच. पाण्याचं काय करायचं?

करकोचे सरांनी बोलायला चोच उघडली.

"एक मिनिट," साळिंदरराव म्हणाले. "सर, तुम्हाला तहान लागली आहे?"

"लागली आहे."

"म्हणजे तुमचा संबंध आला. तुम्हाला बोलता येणार नाही."

"मग तुम्हालाही येणार नाही," सर म्हणाले. "तुमची जीभ बाहेर आली आहे."

दोघांनी महाराजांकडे बघितलं. महाराजांचीही जीभ बाहेर आली होती. त्यांनी ती आत घेतली. पण जंगलाने बघितली होती.

झालं. सभेत एकही असा नव्हता ज्याचा पाण्याशी संबंध नव्हता. तेव्हा एकालाही बोलता येईना. सगळे टेंभुर्णीखाली एकमेकांची तोंडं बघत बसले. ससे बसले, वाघ बसला. सकाळची दुपार झाली. नियम फार चोख पाळला गेला. एक म्हातारं भेकर तिथेच आडवं झालं. तेही नियमाप्रमाणे, न बोलता.

मग काटेसावरीवरून कावजीने ओरडून सांगितलं, "मला तहान नाही! मी बोलू का?"

साऱ्या सभेने माना हलवल्या.

"टेकडीपलीकडे उंबर आहे. उंबराखाली पाणी आहे. पाण्यात धुरपदाबाई आहेत. साऱ्या जंगलात तहान नाही ती मला आणि तिला. आणि मी बातमी देतो, निवाडा करत नाही."

सगळं जंगल टेकडी चढलं. पुढे महाराज, मागे सर, त्यांच्या मागे साळिंदरराव. भेकराला वानरांनी उचलून घेतलं होतं.

धुरपदा मानेपर्यंत पाण्यात होती. तिने एक डोळा उघडला.

महाराज काठावर थांबले. पाणी चार पावलांवर होतं. पण महाराज नियमाचे पक्के.

"धुरपदाबाई," ते सुकलेल्या घशाने म्हणाले, "या प्रश्नात निःपक्षपाती अशा फक्त तुम्ही आहात. तेव्हा निवाडा तुम्हीच करायचा. आम्ही हे पाणी प्यावं की न प्यावं?"

धुरपदाने त्यांच्याकडे बघितलं. मग भेकराकडे बघितलं.

"अरे, पाजा त्याला आधी," ती म्हणाली. "काय मेले चर्चा करत बसलेत!"

सगळे प्यायले. बराच वेळ फक्त पिण्याचा आवाज येत होता. करकोचे सरांनी चोच बुडवली ती वर काढलीच नाही. त्या जंगलात सरांची एवढी लांब शांतता कोणी ऐकली नव्हती. मग त्यांनी मान वर केली, पाण्याकडे बघितलं आणि एक पाय उचलला.

"सर," धुरपदा म्हणाली, "पाय खाली."

सरांनी पाय खाली ठेवला.

"रोज या," ती सगळ्यांना म्हणाली. "कोणाला नाही म्हणणार नाही. सकाळी या, पाणी निवळ असतं. दुपारी मी अंघोळ करते, तेव्हा गढूळ होतं. दुपारी यायचंच असेल तर काठावर उभं राहायचं, तोंड तिकडे करून. आणि कोणी काही म्हणायचं नाही. पाणी म्हणजे काय, म्हैस म्हणजे काय, काही नाही. कोणी म्हणालं, तर मी उठून दुसऱ्या उंबराखाली जाईन. मग बसा कल्पना करत."

सगळ्यांनी माना हलवल्या. पोटात पाणी गेल्यावर माना सहज हलतात.

त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे धुरपदाला वगार झाली. ओली, काळी, लटपटती. कावजीने काटेसावरीवरून बातमी दिली, "धुरपदाबाईंना मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." जंगलाला ती बातमी सपाट वाटली नाही.

त्याच दुपारी उन्हाची धग वाढली. धुरपदा उठली. वगारीला नाकाने ढकलत पाण्याकडे घेऊन निघाली. ती पोर आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात जाणार होती. काठावर सगळं जंगल उभं होतं. रंगनाथ उंबराच्या हिरव्या फांदीवर होता आणि त्याची शेपटी वळवळत होती. करकोचे सरांची चोच अर्धी उघडली होती. साळिंदररावांचा एकेक काटा उभा राहत होता.

धुरपदा थांबली. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं.

वाघोबा महाराज आधी वळले. मग सर वळले. मग साळिंदरराव. मग ससे, भेकरं, वानरं. रंगनाथने फांदीवरच तोंड फिरवलं. साऱ्या जंगलाने पाण्याकडे पाठ केली आणि समोरच्या तापलेल्या टेकडीकडे बघत ते गप्प उभे राहिले.

मागून नुसता आवाज आला. डुबुक.

मग एक छोटी फुसफुस. मग आणखी एकदा डुबुक.

कोणीही वळून बघितलं नाही. सरांच्या चोचीत एक अर्थ आला होता. तो त्यांनी गिळला.

तात्पर्य : अंघोळ करणारीकडे पाठ करून उभं राहायला आधी घसा कोरडा पडावा लागतो. तेव्हा घरच्या नळाला पाणी येतंय तोवर, मुलांनो, दुसऱ्याच्या अंघोळीचे अर्थ खुशाल लावत राहावेत. अठ्ठावीस झाले तर एकोणतिसावा शोधावा. जिची अंघोळ आहे तिला मात्र विचारू नये. ती ओली असते, म्हणजे पक्षपाती असते.